रॅम वाढवायची तर आधी कागदावर काय उतरवायचं

पहिलं काम खरेदीचं नाही. पीसी चालू करा आणि रोज जे करता तेच करा: क्रोमचे नेहमीचे पंधरा-वीस टॅब, एक्सेल, टॅली, मुलांचा क्लास, जे असेल ते. सगळं उघडं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी व डिस्क दोन्हींवर नजर ठेवा. मेमरी ८५-९० टक्क्यांवर ठाण मांडून बसली असेल तर रॅम, म्हणजे हीच मेमरी, कमी पडतेय. मेमरी निम्मीच वापरात आणि डिस्क मात्र १०० टक्के, असं दिसलं तर रॅमचा विषय तिथेच सोडा आणि त्या पैशात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) घ्या. दोन्ही तुडुंब असतील तरी डिस्कला लगेच दोष देऊ नका. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ढकलतं, म्हणून तीही धापा टाकत असते. अशा वेळी आधी रॅम.

सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या अबाउट पानावर विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट तेही बघून घ्या. घरगुती ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, त्या चारातलीही सव्वातीनच्या आसपास हाती लागते. आधी ६४-बिट विंडोज टाकायचं, मग रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, आणायची.

टास्क मॅनेजरचं ते मेमरीचं पान मिटण्याआधी खालच्या तीन गोष्टी लिहून घ्या: स्पीड, किती स्लॉटपैकी (स्टिक बसवायच्या जागांपैकी) किती भरलेत, आणि फॉर्म फॅक्टर (स्टिकचा आकार). तिथे ‘डिम’ असेल तर नेहमीची लांब स्टिक. ‘सोडिम’ असेल तर लॅपटॉपवाली आखूड स्टिक लागते; ऑल-इन-वन आणि पुस्तकाएवढ्या छोट्या डेस्कटॉपमध्ये बहुधा तीच असते. मदरबोर्डचं (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचं) मॉडेल हवं असेल तर सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर मेनबोर्डच्या टॅबमध्ये दाखवतं. त्याच्या मेमरी टॅबमध्ये २४०० वेगाच्या रॅमला १२०० दिसतं. त्यात गडबड नाही. डीडीआर या रॅमच्या प्रकाराचा अर्थच एका ठोक्याला दोनदा डेटा, त्यामुळे तो आकडा दुप्पट करून वाचायचा.

आता कॅबिनेट. पीसी बंद, भिंतीवरचं बटण बंद, मागची वायर काढलेली. पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत बोटं घाला. स्टिक कडेला धरून काढा आणि लेबलचा मोबाइलवर स्वच्छ फोटो घ्या. हा एक फोटो दुकानातल्या अर्ध्या तासाच्या चर्चेपेक्षा कामाचा. समजा लेबलवर लिहिलंय: ४जीबी १आर×८ पीसी४-२४००टी-यूए२-११. पीसी४ म्हणजे डीडीआर४, डीडीआरची चौथी पिढी. २४०० हा वेग. १आर×८ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणारा चिपांचा एक गट), आठ-बिटी चिप. सगळ्यात महत्त्वाचं अक्षर म्हणजे शेवटाकडचं ‘यू’: ही साधी, घरगुती डेस्कटॉपची स्टिक. तिथे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, घरच्या साध्या बोर्डवर चालत नाही. ऑनलाइन जुन्या मालात १६ जीबीची स्टिक आश्चर्यकारक स्वस्त दिसली की आधी हेच अक्षर शोधायचं. काही लेबलांवर वेगाऐवजी पीसी४-१९२०० असा मोठा आकडा असतो. त्याला आठने भागलं की २४०० येतात.

स्टिकच्या कडेवरची खाच बघून पिढी ओळखता येते. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८, पण खाचेची जागा तिघींची वेगळी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही आणि बसवायला जाऊही नये. प्रोसेसरच्या नावावरून मात्र रॅमची पिढी ठरवू नका. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला डीडीआर४ चालते आणि कमी व्होल्टची डीडीआर३एलही. बाराव्या पिढीला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही. कोणती घालायची ते बोर्ड ठरवतो. एएमडीकडे सरळ हिशेब आहे: एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५.

घरोघरी सापडणारं एक उदाहरण घेऊ: इंटेलचा आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० चा बोर्ड, दोन स्लॉट, एकात ४ जीबी. हा प्रोसेसर विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आहे, त्यामुळे यात पैसे घालणं मला पटतं. रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबी टाकली की १२ होतात. चार आणि आठ अशी विषम जोडी चालते. इंटेल त्यातले ४ अधिक ४ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (एकाच वेळी दोन वाटांनी) वापरतं आणि उरलेले ४ सिंगलमध्ये. ऑफिसच्या कामाला एवढं पुरे. फोटो-व्हिडिओ एडिटिंग असेल, किंवा ग्राफिक्स कार्ड नसताना मुलांना गेम खेळायचे असतील, तर ८-८ ची जोडीच घ्या, शक्यतो एकाच पाकिटातली. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं आणि तिथे दोन चॅनेलचा फरक डोळ्यांना दिसतो.

वेगासाठी जादा पैसे मोजू नका. हा प्रोसेसर २४०० च्या वर जात नाही. ३२०० ची स्टिक घातली तर ती २४०० वरच चालेल, बिघडणार काही नाही. २६६६ किंवा ३२००, जी स्वस्त मिळेल ती घ्या. रंगीत दिवे लावलेली तर बंद कॅबिनेटात कशाला हवी?

डीडीआर३ वाल्यांनी जरा जास्त सावध राहायचं. इंटेलच्या एच६१ बोर्डला दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबीची मर्यादा. ऑनलाइन ‘फक्त एएमडीसाठी’ अशा ८ जीबीच्या स्वस्त स्टिक मिळतात. त्यांच्या चिपची रचना इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला झेपत नाही आणि पीसी सुरूच होत नाही. ही ओळ जाहिरातीत तळाला, बारीक अक्षरांत असते. ८ जीबीच्या स्टिकच्या लेबलवर २आर×८, म्हणजे दोन रँक आणि आठ-बिटी चिप, असं असेल तर जुन्या इंटेल बोर्डसाठी ती जास्त खात्रीची.

निघण्याआधी बोर्डाच्या मॉडेलचं सपोर्ट पान कंपनीच्या साइटवर उघडा. एका स्लॉटला कमाल किती आणि एकूण किती, हे दोन आकडे त्याच कागदावर. कंपनीने तपासलेल्या स्टिकच्या तिथल्या यादीत तुमच्या मनातली स्टिक नसली तरी घाबरायचं कारण नाही, कंपन्या सगळ्या स्टिक तपासत नाहीत. पण असली तर वाद मिटतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गल्लीतल्या दुकानात, जुनी स्टिक खिशात ठेवा, अँटिस्टॅटिक पाकिटात. ‘आठ जीबी द्या’ एवढंच म्हणू नका; पिढी, वेग, व्होल्ट आणि डेस्कटॉपची हे चारही सांगा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे वापरलेला माल पुसून नवा म्हणून खपवण्याचा मोह वाढलाय. स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या उभ्या रेघा दिसतात का ते काउंटरवरच बघा. पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि चालली नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल तेही विचारा.

बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिपचा ‘टक’ ऐकू आला पाहिजे. चार स्लॉटच्या बोर्डवर दोनच स्टिक असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. पीसी नुसता बीप देत बसला तर स्टिक काढून पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका, पुन्हा बसवा. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तेवढ्यात बटण दाबू नका.

विंडोज आल्यावर पुन्हा तेच मेमरीचं पान. १२ च्या जागी ११.८-११.९ दिसले तर तेवढा वाटा ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरसाठी राखलेला असतो. ४ च दिसले तर बहुधा स्टिक नीट बसलेली नाही, पीसी बंद करून पुन्हा बसवा. मग स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून चालवा, किंवा मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी स्टिक परत, आणि ही सगळी तपासणी बदलून मिळण्याच्या मुदतीतच उरकायची. जोडी घेतली असेल तर तोवर जुनी ४ जीबी कुणाला देऊन टाकू नका.