डोक्याच्या दुखापतीत ईव्ही शोधायच्यात? आधी प्लेटलेट आवरा

ईव्ही (एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल) म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यातल्या एक्सोसोम म्हणजे काय, मेंदूतल्या पेशींनी सोडलेल्या व्हेसिकल रक्तात कशा येतात, हे वाचूनच तुम्ही इथवर आला असाल, ते सोडतो. नवख्याचं वर्ष खाणारा टप्पा त्याच्या आधीचा आहे: रक्त काढल्यापासून प्लाझ्मा गोठवेपर्यंतचा तास-दीड तास.

इथला खरा चोर म्हणजे प्लेटलेट. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये एकदाच फिरवला तर त्यातल्या बऱ्याच मागे राहतात. वरून पाहिलं तर सगळं स्वच्छ! पण उणे ८० ला गोठवून वितळवलं की त्या फुटतात, आणि तुकडे नेमके ईव्हीच्या आकाराचे. एनटीए (द्रवातले सूक्ष्म कण मोजायचं तंत्र) कण मोजतं, कुळ विचारत नाही. वर प्लेटलेटमध्ये अमायलॉइड प्रिकर्सर प्रोटीन आणि बीडीएनएफ ही मेंदूशी जोडली जाणारी प्रोटीनं भरपूर, म्हणजे ‘मेंदूचं प्रोटीन सापडलं’ म्हणून नाचायची पूर्ण सोय. त्यातून दुखापतीमुळे प्लेटलेट आधीच खवळलेल्या. रुग्णाचं रक्त रात्री कॅज्युअल्टीत घाईनं घेतलेलं, कंट्रोलचं सकाळी निवांत. दोन गटांत फरक दिसणारच, पण तो मेंदूतलाच असेल याची खात्री काय? गोठवल्यावर यावर इलाज नाही. कुठलंही महागडं किट तो करत नाही, आणि ‘आधी रन तर कर, मग बघू’ म्हणणारे गाइडही नाहीत.

म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची ट्यूब घ्या. तेच काम करणारं हेपरिन पुढे पीसीआर अडवतं, आणि सीरममध्ये गोठण्याच्या क्रियेतच प्लेटलेटच्या व्हेसिकल मिसळतात. २१ गेजची सुई, पहिले २-३ मिली बाजूला. ट्यूब उभी ठेवा, हलवू नका, बर्फात तर मुळीच नको, थंडीनं प्लेटलेट चेततात. तासाभरात खोलीच्या तापमानाला २,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला सेंट्रिफ्यूजचा जोर), १५ मिनिटं, ब्रेक बंद. पांढऱ्या थराच्या वर सेंटिमीटरभर सोडून प्लाझ्मा उचला, नव्या ट्यूबमध्ये पुन्हा २,५०० जी, १५ मिनिटं. तळचे १०० मायक्रोलिटर सोडा. तिथेच सगळं बसलेलं असतं, आणि तिथलाच थेंब वाचवायचा मोह होतो. २०० मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा. एक भाग मात्र न गोठवता सीडी६१ (प्लेटलेटची खूण) लावून फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक कण तपासणारं तंत्र) बघा. ४१४ नॅनोमीटरला शोषण वाचलंत की लाल पेशी फुटल्यात का तेही कळतं.

आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, जी लिहा. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर २,५०० जी म्हणजे साधारण ३,७४० आरपीएम. तोच आकडा १० सेंटिमीटरच्या रोटरवर टाकलात तर जेमतेम १,५६० जी मिळतात. रात्रपाळीतला माणूस भिंतीवर चिकटवलेलाच आकडा टाकणार, त्याला दोष देऊ नका. कागद बदला.

एवढं जमलं की निम्मी लढाई झाली, घाबरू नका. पुढे आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या साइज एक्सक्लूजन कॉलमनं अल्ब्युमिन आणि एचडीएल बरंच सुटतं, पण कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल हे रक्तातले चरबीचे कण आकारानं ईव्हीसोबतच येतात, आणि अपघातग्रस्त काही उपाशीपोटी येत नाही. म्हणून सीडी९, सीडी६३, सीडी८१ या ईव्हीच्या खुणांसोबत एपोबी ही चरबीच्या कणांची खूणही दाखवा.

एल१कॅम या न्यूरॉनवरच्या प्रोटीननं ‘न्यूरॉनच्या ईव्ही’ पकडायचा शॉर्टकट टाळाच. प्लाझ्मातलं एल१कॅम मुख्यतः विरघळलेलं असतं, व्हेसिकलवर नसतं, असं २०२१ मध्ये दाखवलं गेलंय. मूत्रपिंडातही ते असतंच. आत काही आहे असं म्हणायचं असेल तर प्रोटीन कापणारं प्रोटीनेज के एकदा एकटं, एकदा ट्रायटन या डिटर्जंटसोबत लावा. डिटर्जंटशिवाय टिकलं आणि डिटर्जंटसोबत गेलं, तरच आत. तुलनाही साध्या प्लाझ्मातल्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या मेंदूच्या प्रोटीनांशी करा. सौम्य दुखापतीत १२ तासांच्या आतल्या या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्येच परवानगी दिली. ईव्ही वेगळ्या करायचा खटाटोप तिच्यापुढे काही जास्तीचं सांगतो का, हे रिव्ह्यूअर विचारणारच.

ईव्ही उपचार म्हणून देण्याकडे वळणाऱ्यांनी डोस मायक्रोग्रॅमसोबत कणसंख्येतही लिहावा. अशुद्ध नमुन्यात प्रोटीन उगाच फुगतं. पेशी वाढवायच्या मीडियममधल्या एफबीएसमध्ये (वासराच्या गर्भाचं सीरम) गाईच्या ईव्ही असतात, मीडियम आधी १,००,००० जी वर १८ तास फिरवा. शिरेतून दिलेल्या ईव्ही बहुतेक यकृत आणि प्लीहेत जातात. आणि मेंदूत ईव्हीला लावलेला पीकेएच२६ रंग चमकला म्हणून खूश होऊ नका. तो रंग एकटाच गोळा होऊन ईव्हीएवढे कण बनवतो. ईव्ही न घालता नुसता रंग त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन दुसऱ्या प्राण्याला द्या, आणि दोन्ही काप एकाच एक्स्पोजरला पाहा.