समुदायासोबत कलाकृती घडवताना

वस्तीत भित्तिचित्र रंगवायला, नाटक बसवायला किंवा शिल्प उभारायला जाणारा कलावंत बहुधा कल्पना आधी पक्की करतो आणि तिच्यात सामील होणारी माणसे नंतर शोधतो. लोकांशी खरोखर नाते जोडायचे असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. पहिले दोन-तीन आठवडे वही आणि कॅमेरा पिशवीतच ठेवून त्या जागी सकाळी, भर दुपारी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही जाऊन बसावे, कारण एकाच चौकात प्रहराप्रहराला वेगळी माणसे असतात आणि सभेला येणारे चार बोलके लोक म्हणजे सगळी वस्ती नव्हे. ‘तुम्हाला कोणते चित्र हवे?’ हा प्रश्न शक्यतो टाळावा. त्यावर लोक भिडेखातर कुठेतरी पाहिलेलेच चित्र सांगतात. त्याऐवजी पूर्वी इथे काय होते, इथून कोण निघून गेले, कोणत्या कोपऱ्यातून जाणे नकोसे वाटते, असे विचारले की माणसे मोकळी होतात.

कधी कधी ही भेटच कलाकृती ठरते. न्यूयॉर्कच्या स्वच्छता विभागात निवासी कलावंत असलेल्या मिअर्ल लेडरमन युकेलीस यांनी १९७९-८० मध्ये जवळपास वर्षभर शहराच्या सगळ्या भागांत फिरून सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन केले आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. ज्या हाताला हात लावायला इतर लोक कचरतात, तोच हात तिथे कलेचे माध्यम झाला. याच शहरात १९८१ मध्ये रिचर्ड सेरा यांचे ‘टिल्टेड आर्क’ हे १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी शिल्प सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात उभे राहिले. तिथे काम करणाऱ्या अनेकांना ते रोजच्या वाटेत आडवे आल्यासारखे वाटले, तर अनेक कलावंत त्याच्या बाजूने बोलले. जाहीर सुनावणी आणि खटला होऊन अखेर १९८९ मध्ये ते हटवण्यात आले. शिल्प वाईट होते असे मी म्हणणार नाही. परंतु चौक रोज ओलांडणाऱ्यांशी जे बोलणे आधी व्हायला हवे, ते सुनावणीत होऊ लागले की दोन्ही बाजूंना जखमाच मिळतात.

कोणते निर्णय लोकांच्या हाती आहेत, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. विषय तुमचा आणि रंगसंगती माझी, असे म्हटले तरी कुणी रागावत नाही; सगळेच खुले आहे असे भासवून शेवटी आपलेच चित्र रंगवणे ही मात्र फसवणूक होय. मसुदा भिंतीवर टांगण्याऐवजी मोठ्या कागदावर काढून जमिनीवर अंथरावा आणि भोवती पेन्सिली ठेवाव्यात. टांगलेल्या चित्राला ‘छान’ म्हणून लोक निघून जातात, पण अंथरलेल्या कागदाभोवती ते गुडघे टेकून बसतात. मग एखादी आजी पुलावर बोट ठेवून ‘कमानी तीन नव्हत्या, दोनच होत्या’ असे सांगते, शेजारचे गृहस्थ ते खोडून काढतात, आणि पुढचा अर्धा तास त्या पुलाखाली घडलेल्या गोष्टी निघत राहतात. खाडाखोडीसकट तो कागद जपून ठेवावा, कारण खरा विषय पुष्कळदा त्या खाडाखोडीतच सापडतो.

प्रत्यक्ष कामात अननुभवी हातांना खरे काम मिळेल अशी पद्धत निवडावी. जुडी बाका यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस’ या सुमारे ८४० मीटर लांबीच्या भित्तिचित्रावर ४०० हून अधिक तरुणांनी काम केले, आणि त्यांतली कित्येक मुले पोलिसांच्या कचाट्यात सापडलेली होती. ज्यांना परांचीवर चढता येत नाही, त्यांच्यासाठी फिलाडेल्फियातील भित्तिचित्रकार वापरतात ती रीत फार उपयोगी आहे: चित्राचे तुकडे पातळ, न विणलेल्या कापडावर उतरवून भागांना रंगांचे क्रमांक द्यायचे, ते टेबलावर बसून रंगवायचे आणि नंतर भिंतीवर चिकटवायचे. त्यामुळे वृद्ध, आजारी, अगदी तुरुंगातील माणसेही सहभागी होऊ शकतात. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९८७ मध्ये सुरू झालेल्या गोधडीतही चौकट अशीच सोपी होती. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण कबरीएवढा. आत काय शिवायचे ते त्या माणसाच्या जिवलगांनी ठरवायचे. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये असे १,९२० तुकडे एकत्र अंथरले गेले.

मानधन आणि श्रेय यांचे बोलणे सुरुवातीलाच उरकावे, आणि सहभागींची नावे कलाकृतीवरच लिहावीत. कुणी सांगितलेली खाजगी हकिगत वापरण्यापूर्वी अंतिम रूप त्या व्यक्तीला दाखवून पुन्हा परवानगी घ्यावी; नकार आला, तर ती हकिगत विनातक्रार वगळावी.

उद्घाटनानंतरची जबाबदारीही आधीच वाटून घ्यावी लागते. उरलेले रंग छटेचे क्रमांक लिहिलेल्या डब्यांत भरून वस्तीतच कुणाकडे ठेवावेत, पोपडे कसे खरवडायचे आणि रंग कसा जुळवायचा हे दोघा-तिघांना शिकवून ठेवावे, आणि वर्षभराने स्वतः जाऊन भिंत पाहावी. तोवर कुणी त्यावर आपल्या मनाने काही रंगवले असेल, तर ते पुसण्याआधी त्यांच्याशी बोलावे.