वर्डप्रेस प्लगइनची नवी आवृत्ती काढताना

गिटहबवर वाढलेल्या माणसाला वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीत (साइटला जास्तीच्या सोयी जोडणाऱ्या प्लगइनच्या अधिकृत यादीत) पहिली ठेच लागते ती सबव्हर्जनची, म्हणजे एसव्हीएनची. गिटसारखीच कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी, पण जुनी प्रणाली. इथला सगळा कारभार अजून एसव्हीएनवर चालतो. कोड गिटमध्ये लिहा, खुशाल लिहा. पण लोकांपर्यंत पोचायचं तर शेवटी एसव्हीएनमध्ये कमिट करावंच लागतं, म्हणजे बदल नोंदवून सर्व्हरवर पाठवावेच लागतात. तिथला पासवर्ड वेगळा असतो, तो वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या प्रोफाइलमधून तयार करायचा. युजरनेममधली लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी द्यायची, नाहीतर ४०३ (प्रवेश नाकारला) एरर येते आणि तासभर पासवर्ड बदलण्यात जातो.

एसव्हीएनमध्ये मुख्य फोल्डर तीन. ट्रंकमध्ये ताजा कोड, टॅग्जमध्ये प्रत्येक आवृत्तीची प्रत आणि अ‍ॅसेट्समध्ये बॅनर, आयकॉन, स्क्रीनशॉट. अ‍ॅसेट्स प्लगइनच्या झिपमध्ये जात नाहीत, त्यामुळे बॅनर (७७२ बाय २५० पिक्सेल) बदलायला नवी आवृत्ती लागत नाही. रोजचं काम मात्र इथे कमिट करू नका. दर कमिटला झिप नव्याने बांधल्या जातात. ही जागा फक्त तयार मालाची.

आता आकड्यांचं. आवृत्तीचा आकडा मुख्य पीएचपी फाइलच्या हेडरमध्ये असतो, रीडमीतल्या (प्लगइनच्या माहितीच्या फाइलमधल्या) ‘स्टेबल टॅग’ या ओळीत असतो, टॅग्जमधल्या फोल्डरचं नाव तोच असतो आणि बहुतेकांच्या कोडमध्ये एका कॉन्स्टंटमध्येही (न बदलणाऱ्या किमतीच्या नावात) असतो. कोणता फोल्डर लोकांना द्यायचा हे ट्रंकमधल्या रीडमीचा स्टेबल टॅग ठरवतो. पण त्या मालाची आवृत्ती कोणती, हे हेडरवरून धरलं जातं. म्हणून स्टेबल टॅग १.४.० केला आणि हेडरमध्ये १.३.२ राहिलं, तर कोणत्याही साइटला अपडेटची सूचनाच जात नाही. आकडे दशांशासारखेही वाचले जात नाहीत. १.९ नंतर १.१० चालतं, कारण दहा नवापेक्षा मोठे. पण एकदा १.९१ काढून बसलात की १.१० ही जुनी आवृत्ती ठरते.

खरा घात होतो तो झिपमध्ये काय गेलं आणि काय राहिलं यावरून. कंपोजर हे पीएचपीची तयार पॅकेजेस आणणारं साधन, आणि ती ठेवण्याचा त्याचा व्हेंडर फोल्डर सहसा गिटच्या इग्नोर यादीत असतो. गिटमधून सरळ प्रत घेतली की तो मागेच राहतो आणि प्लगइन पहिल्याच ओळीत फेटल एरर (काम तिथेच थांबवणारी चूक) देऊन कोसळतो. स्वतःच्या मशीनवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे फोल्डर हजर असतो. डेव्ह पॅकेजेस (फक्त कोड लिहिताना लागणारी) वगळून कंपोजर चालवा आणि तो व्हेंडर बरोबर न्या. फाइलच्या नावातल्या अक्षरांचंही तसंच: मॅकवर सहसा लहान-मोठं अक्षर खपून जातं, लिनक्स सर्व्हरवर फाइल सापडत नाही.

कमिटआधी एसव्हीएनचं स्टेटस डोळ्यांनी वाचा. ओळीच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह म्हणजे नवी फाइल, जी अ‍ॅड केल्याशिवाय जाणार नाही. उद्गारचिन्ह म्हणजे तुम्ही हाताने उडवलेली, पण एसव्हीएनच्या लेखी अजून जिवंत असलेली फाइल. ती डिलीट कमांडने काढावी लागते. यादी स्वच्छ झाली की ट्रंकची एसव्हीएनच्याच कॉपी कमांडने टॅग्जमध्ये प्रत करा आणि ट्रंक व टॅग एकाच कमिटमध्ये पाठवा.

त्याआधीची चाचणी कोऱ्या साइटवर पुरत नाही. जुनी आवृत्ती बसवा, तिच्यात थोडा डेटा भरा, मग नवी झिप अपलोड करून ‘रिप्लेस’ करा. कारण अ‍ॅक्टिव्हेशन हुक (प्लगइन सुरू करताना चालणारा कोड) अपडेटच्या वेळी चालत नाही. टेबलमध्ये नवा कॉलम तिथे टाकला असेल तर नव्या वापरकर्त्यांकडे तो असेल, जुन्यांकडे नसेल. ऑप्शनमध्ये (वर्डप्रेसच्या सेटिंग्जच्या साठ्यात) स्वतःचा डेटाबेस आकडा ठेवा, प्लगइन लोड होताना तो ताडून पाहा आणि कमी असेल तर बदल करा. किमान पीएचपी ७.४ लिहून पीएचपीतलं ‘मॅच’ वापरलं असेल तर तेही याच वेळी सापडतं, ते ८.० मध्ये आलं. अर्थात, चाचणीच्या साइटवर ७.४ असेल तरच.

मराठीत वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाषेचा पॅक तयार व्हायला ९० टक्के स्ट्रिंग्ज (पडद्यावर दिसणारी वाक्यं) अनुवादित आणि मंजूर असाव्या लागतात, आणि इंग्रजी वाक्यातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती नवी स्ट्रिंग धरली जाते. म्हणून नवा मजकूर चार-आठ दिवस आधी ट्रंकमध्ये टाका, स्टेबल टॅग जुनाच ठेवून. अनुवाद करणाऱ्यांना तो दिसतो, साइट्सना धक्का लागत नाही. रीडमीतलं नुसतं ‘टेस्टेड अप टू’ (वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं ते) वाढवायचं असेल तर आवृत्तीच नको. ट्रंक आणि चालू टॅग, दोन्हीकडची रीडमी बदलली की झालं.

आणि मोडका माल गेलाच तर? स्टेबल टॅग मागे फिरवून भागत नाही. त्याने मोडक्या मालाचे नवे डाउनलोड थांबतात, पण ज्यांनी १.४.० घेतली त्यांच्या साइटला १.३.२ लहान दिसते, म्हणून साइट काहीच करत नाही. टॅगमधला कोड गुपचूप दुरुस्त करणं त्याहून वाईट: एकाच आकड्याचे दोन माल बाजारात, आणि आधी घेतलेल्यांना दुरुस्ती कधीच मिळत नाही. जुना, चालणारा कोड १.४.१ म्हणून काढा, बिघाडाचं कारण शोधत बसणं नंतर. साइट्स साधारण दर १२ तासांनी अपडेट तपासतात, तेव्हा घाई खरीच असते. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज नको म्हणतात ते यासाठीच. वर्डप्रेस ६.६ पासून ऑटो-अपडेटनंतर फेटल एरर आली तर साइट आपोआप जुन्या आवृत्तीवर परतते, पण बटण दाबून हाताने अपडेट करणाऱ्याला ती सोय नाही. १.४.१ च्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) ‘किरकोळ सुधारणा’ लिहू नका. कोणत्या आवृत्तीत काय मोडलं होतं ते एका ओळीत लिहा. रात्री साइट बंद पडलेला माणूस तीच ओळ शोधत येतो.