स्वतःच्या डोमेनवरचा गो मॉड्यूल: 'नो गो-इम्पोर्ट मेटा टॅग्ज' एरर कशी गेली

गो भाषेतली लायब्ररी (मॉड्यूल) स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावरून द्यायची, तर त्या पत्त्याच्या पानात कोड कुठे आहे हे सांगणारा 'गो-इम्पोर्ट' मेटा टॅग लागतो. ब्राउझरमध्ये पान उघडते, सोर्समध्ये टॅगही दिसतो, तरी मॉड्यूल उतरवणारी 'गो गेट' कमांड म्हणते 'अनरेकग्नाइझ्ड इम्पोर्ट पाथ'. मॉडकॅश (उतरवलेल्या मॉड्यूल्सचा स्थानिक साठा) साफ करून उपयोग झाला नाही. 'रिप्लेस' (मॉड्यूलच्या गो-मॉड फाइलमधली, दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारी ओळ) लावले तर ते फक्त मुख्य मॉड्यूलमध्ये चालते, आपली लायब्ररी वापरणाऱ्याला त्याचा काही फायदा नाही. दोन संध्याकाळी वाया.

खरे कारण असे: गो टूल इम्पोर्ट पाथला '?गो-गेट=१' जोडून पान मागते, जावास्क्रिप्ट चालवत नाही आणि 'हेड' संपले की वाचणे थांबवते. आपला टॅग 'बॉडी'त होता.

आधी टॅग 'हेड'मध्ये, थेट एचटीएमएलमध्ये टाका. कंटेंटमध्ये तीन गोष्टी, मधे फक्त स्पेस: इम्पोर्ट प्रीफिक्स, 'गिट', रेपोचा (कोडच्या साठ्याचा) पत्ता. सबपॅकेजच्या पाथवरही हाच टॅग, त्याच प्रीफिक्ससह द्या. टूल मूळ पानावर जाऊन तो पुन्हा पडताळते. मग गो-मॉड फाइलमधली 'मॉड्यूल' ओळ त्या प्रीफिक्सशी अक्षरशः जुळवा, नाहीतर 'डिक्लेअर्स इट्स पाथ अ‍ॅज' ही पुढची एरर ठरलेलीच. (व्ही२ असेल तर '/व्ही२' या ओळीत येते, टॅगच्या प्रीफिक्समध्ये नको.) त्यानंतर गिटमध्ये नवा व्हर्जन टॅग (आवृत्तीची खूण, एचटीएमएलचा टॅग नव्हे) पुश करा. जुना व्हर्जन टॅग हलवू नका, चेकसम (कोड बदललेला नाही हे तपासायचा आकडा) बिघडतो.

शेवटी 'गोप्रॉक्सी=डायरेक्ट' ठेवून, म्हणजे मधला प्रॉक्सी सर्व्हर टाळून थेट रेपोतून, तपासा. व्हर्जन टॅग पुश करण्याआधीच कोणी तो व्हर्जन मागितला असेल, तर सार्वजनिक प्रॉक्सी 'सापडला नाही' हे उत्तर ३० मिनिटांपर्यंत धरून ठेवते.