सोसायटीत फोरम थिएटर करायचंय? मग नाटक अर्ध्यावर सोडा

पथनाट्य म्हटलं की डफली, घोषणा, शेवटी टाळ्या आणि लोक आपापल्या घरी. ओळखीपाळखी काही वाढत नाहीत त्याने. त्यापेक्षा फोरम थिएटर करून बघा, म्हणजे बघणारेच मधे थांबवून पात्राच्या जागी येतात आणि वेगळं काय करता येईल ते करून दाखवतात असं नाटक, ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने १९७० च्या दशकात हे काढलं आणि बंगालमधे १९८५ साली सुरू झालेला जन संस्कृती नावाचा ग्रुप ते खेड्यापाड्यात करतोय, त्यामुळे आपल्याकडे नाही चालणार वगैरे म्हणू नका.

विषय आपल्याच बिल्डिंगमधला घ्या. "समानता" वगैरे नको, कामवाल्या मावशींना लिफ्ट वापरू देत नाहीत हा घ्या. मावशी, वॉचमन, सेक्रेटरी आणि बघून न बघितल्यासारखं करणारे एक काका, बास. मावशींना आधी विचारा की नेमकं काय ऐकावं लागतं, ते वाक्य जसंच्या तसं ठेवा. दहा मिनिटांचा सीन, आणि शेवट वाईटच करा, मावशी जिन्याने पाचव्या मजल्यावर गेलीच पाहिजे. लोकांना चीड आली नाही तर पुढे काहीच होत नाही.

मग सूत्रधार सांगतो, सीन परत पहिल्यापासून, ज्याला वाटेल त्याने "थांबा" म्हणून मावशीच्या जागी यायचं. सेक्रेटरीच्या जागी नाही हां, तो एकदम देवमाणूस झाला की प्रश्नच संपला. काकांची जागा मात्र मी घेऊ देईन, कारण समोर बसलेले निम्मे लोक तेच काका असतात.

सेक्रेटरी झालेल्याने सहजासहजी ऐकायचं नाही. कोणी तावातावाने भाषण ठोकलं तर "झालं? आता जिन्याने जा" म्हणायचं. कोणी म्हणालं सगळ्या मावशी मिळून एक दिवस सुट्टी घेणार, तर सेक्रेटरीची जरा तंतरू द्या आणि सूत्रधाराने लगेच लोकांना विचारायचं, जमेल का हे, पगार कापला तर? उत्तर त्याने स्वतः द्यायचं नाही.

सुरुवातीला कोणी उठत नाही, थांबा थोडं, आधीच पेरलेला माणूस उठवू नका, कळतं लोकांना. आणि खऱ्या मावशींना पुढे ओढू नका, उद्या त्यांना इथेच कामाला यायचंय. प्रयोगाची वेळ मात्र त्यांना विचारूनच ठरवा, नाहीतर फक्त मेंबर येतील.

संपल्यावर चहा ठेवा, आलेले उपाय लिहून सोसायटीच्या मीटिंगच्या अजेंड्यात टाका. बोआल रिओत नगरसेवक झाला तेव्हा प्रयोगातल्या सूचना थेट सभागृहात न्यायचा, काहींचे कायदेही झाले. आपल्याला तर फक्त लिफ्टबाहेरची पाटी काढायचीय.