गोव्यातील पदवी आणि अमेरिकेचे ग्रीन कार्ड : अर्जापूर्वी काय तपासावे

नोकरीच्या आधारावर अमेरिकेचे ग्रीन कार्ड मिळवू पाहणाऱ्या गोमंतकीयांनी सर्वांत आधी आपली पदवी किती वर्षांची आहे ते पाहावे. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील चार वर्षांची बी.ई. ही अमेरिकन बॅचलर पदवीच्या तोडीची ठरण्यास सहसा अडचण येत नाही. म्हापसा, पणजी किंवा मडगाव येथे शिकून घेतलेली तीन वर्षांची बी.एस्सी., बी.कॉम. किंवा बी.ए. मात्र एकटीच असल्यास बहुधा अपुरी पडते. १९७७ साली ‘मॅटर ऑफ शाह’ या प्रकरणात भारतातील तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला अमेरिकन पदवीची बरोबरी नाकारण्यात आली आणि त्या निर्णयाचा आधार अजूनही घेतला जातो.

सर्वाधिक गैरसमज एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसामुळे होतो. तेथे कामाच्या तीन वर्षांच्या अनुभवाची गणना शिक्षणाच्या एका वर्षाइतकी करता येते, त्यामुळे तीन वर्षांची पदवी असलेल्यांनाही व्हिसा मिळतो आणि आपले शिक्षण एकदा मान्य झाले ते कायमचे झाले, अशी त्यांची समजूत होते. ग्रीन कार्डासाठी हा हिशेब चालत नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या ईबी-२ या वर्गासाठी मास्टर्स किंवा तिच्या बरोबरीची परदेशी पदवी लागते. ती नसेल तर बॅचलरच्या बरोबरीची एकच सलग पदवी आणि त्यानंतरचा, जबाबदारी वाढत गेल्याचे दाखवणारा पाच वर्षांचा अनुभव लागतो. ईबी-३ मधील व्यावसायिक गटालाही बॅचलरच्या बरोबरीची पदवी आवश्यक आहे. त्याच वर्गातील कुशल कामगारांच्या गटात मात्र किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण किंवा अनुभव लागणारी नोकरी बसते आणि तीन वर्षांच्या पदवीधरांची वाट बहुधा तेथूनच जाते.

ही वाट उघडी राहील की नाही, हे कंपनीने अमेरिकेच्या श्रम खात्याकडे दाखल करावयाच्या ‘पर्म’ (श्रम प्रमाणपत्राच्या) अर्जाच्या शब्दरचनेवर अवलंबून असते. अर्जात नोकरीची अट म्हणून केवळ ‘बॅचलर पदवी किंवा तिच्या बरोबरीची परदेशी पदवी’ एवढेच लिहिले, तर तीन वर्षांची पदवी आणि वर एखादी पदविका अशी बेरीज करून पुढे आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) टिकवणे फार कठीण जाते. याउलट, शिक्षण आणि अनुभव एकत्र धरून येणारी बरोबरी चालेल असे तेथे स्पष्ट लिहिलेले असेल, आणि नोकरीच्या जाहिरातींमध्येही तीच अट उमेदवारांना कळवलेली असेल, तर कुशल कामगार गटात तुमची बाजू मांडता येते. अर्ज दाखल झाल्यावर ही अट बदलता येत नाही. म्हणून मसुदा आधी मागून घ्यावा, शिक्षणाचा रकाना स्वतः वाचावा आणि आपली पदवी त्यात नेमकी कशी बसते, हे वकिलाकडून लेखी विचारून घ्यावे. यात संकोच बाळगू नये.

तीन वर्षांच्या पदवीनंतर गोवा विद्यापीठातून एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. केलेली असल्यास बाजू बरीच सुधारते. तथापि ती ईबी-२ साठी पुरेशी ठरेल की बॅचलरइतकीच धरली जाईल, हे अभ्यासक्रम पाहून ठरते. परदेशी पदवीची बरोबरी ठरवणाऱ्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल अमेरिकेच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांवर बंधनकारक नसतो. परदेशी पदव्यांची तुलना देणाऱ्या ‘एज’ या माहितीकोशातील नोंदही ते पाहतात. त्यामुळे अनुकूल मूल्यांकन विकत घेतले म्हणजे काम झाले, असे मानू नये.

तारखांकडेही तितकेच लक्ष द्यावे. पर्म अर्ज दाखल होतो तो दिवस तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील क्रम ठरवणारी तारीख, ठरतो आणि सर्व पात्रता त्या दिवशी पूर्ण झालेली असावी लागते. त्याच कंपनीत मिळवलेला अनुभव, पूर्वीचे काम बरेच वेगळे असल्याखेरीज, सहसा धरला जात नाही. पदवीदान समारंभ उशिरा झाला असल्यास विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र अवश्य जोडावे. पदवीच्या सर्व अटी पूर्ण झाल्याचे त्यावरून सिद्ध होत असेल, तर ईबी-२ साठीच्या पाच वर्षांच्या अनुभवाची मोजणी त्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून करता येते, असे २०१७ सालच्या एका निर्णयाने मान्य केले आहे.

कागदपत्रांत प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि जुन्या मालकांची पद, कामाचे स्वरूप व तारखा नमूद केलेली पत्रे असावीत. आपल्याकडे नाईक हे आडनाव एका कागदावर इंग्रजी धर्तीने, तर दुसऱ्यावर पोर्तुगीज धर्तीने क्यू हे अक्षर घालून लिहिलेले सापडते. अशी तफावत असल्यास प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. चवथीला घरी येणाऱ्यांनी ताळगाव पठारावरील विद्यापीठाचे काम सुट्टीच्या दिवसांवर ठेवू नये.

वर्ग ठरला तरी ग्रीन कार्डाची रांग जन्म झालेल्या देशावरून लागते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्याने भारताची लांब रांग चुकत नाही. उलट कुवेतमध्ये जन्मलेल्या गोमंतकीयाची गणना, भारतीय पासपोर्ट असूनही, सामान्यतः कुवेतच्या कोट्यात होते, आणि अशा व्यक्तीशी विवाह झालेल्या जोडीदारालाही तो लाभ मागता येतो.