संत्र्याचा ताण तोडायच्या आधी प्रेशरचा वॉल एकदा बघून घ्या

शेतकरी भावांनो, संक्रांत जवळ आली की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर सगळीकडे आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा) ताण तोडायची, म्हणजे बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करायची घाई सुरू होते. पहिलं आंबवणीचं पाणी हलकं द्यायचं, मग तीन-चार दिवसांनी चिंबवणीचं, हे आपल्याला घरातूनच माहीत आहे. पण ठिबकवर पाणी हलकं द्यायचं म्हटलं तर वरच्या झाडाला अन् खालच्या झाडाला ते सारखं पडलं पाहिजे ना, अन् तिथंच लय बागांमध्ये गडबड आहे.

आपली वावरं काही सपाट नाहीत. विहीर किंवा बोअर वर अन् बाग उतारावर असली की उंची दर १० मीटर कमी झाली की साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर आपोआप वाढतं. साधा ड्रिपर १ किलोवर ८ लिटर देत असेल तर २ किलोवर तो ११ च्या वर जातो, अडीच किलोवर साडेबारा. म्हणजे खालच्या ओळींना दीडपट पाणी, अन् ठिबकातून खत सोडत असाल तर खतही दीडपट. भारी काळ्या जमिनीत बुडाशी ओल धरून राहिली की डिंक्या (बुडातून डिंक गळायचा रोग) कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून अशा खालच्या तुकड्याच्या सबमेनवर (त्या तुकड्याला पाणी नेणाऱ्या पाईपवर) प्रेशर कमी करणारा वॉल, म्हणजे पीआरव्ही, लावायचा.

आता साईजचं. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, भाऊ पाईप किती इंची? अन् जेवढा पाईप तेवढा वॉल हातात देतात. मीही तेच केलं होतं. पाईप ३ इंची म्हणून ३ इंची वॉल आणला, खालच्या एक एकराच्या तुकड्यावर लावला, अन् मोटार चालू केली की वॉल घरघर करायचा, प्रेशर मोजायच्या गेजचा काटा एका जागी थांबेचना, नळ्या जॉइनरमधून निसटायच्या. लाईन (वीज) रात्रीची, थंडी कडाक्याची, टॉर्च घेऊन नळ्या जोडत फिरलो तेव्हा लय जीव जळला. वॉल खराब नव्हता, त्या पाण्याच्या मानानं तो लय मोठा होता. मोठा वॉल थोड्या पाण्यावर जेमतेम फटीएवढा उघडतो, त्या फटीतून पाणी जोरात घासत जातं, वॉल सारखा उघडझाप करतो अन् आतली सीट (झडप टेकते ती जागा) कापली जाते.

म्हणून वॉल पाण्यावरून घ्या, पाईपावरून नाही. हिशेब सोपा आहे. ६ बाय ६ मीटरवर लागवड असली की एकरी ११२ झाडं बसतात, झाडाला ८ लिटरचे ४ ड्रिपर धरले तर तासाला ३२ लिटर, म्हणजे एकराला साधारण ३,६०० लिटर. चार एकर एकाच वेळी चालवत असाल तर १४,००० च्या वर. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तर सव्वा इंची वॉलमधून तासाला साडेपाच हजार लिटरच्या आसपास पाणी जातं, दीड इंचीतून ९,०००, दोन इंचीतून १४,००० अन् ३ इंचीतून ३६,०००. म्हणजे माझ्या एका एकराला सव्वा इंचीच पुष्कळ होता! मग दोन्हीकडे रिड्यूसर (मोठा-लहान पाईप जोडणारे जोड) लावून तो बसवला अन् काटा शांत झाला. हा झाला अंदाज, घेताना मात्र त्या वॉलचा चार्ट मागा अन् त्यात जास्तीत जास्त पाणी किती हे बघता तसं कमीत कमी किती लागतं तेही बघा, कारण तुमची सगळ्यात लहान पाळी (एका वेळी चालवता तो तुकडा) त्यात बसली पाहिजे. लय लहानही घेऊ नका, नाहीतर सगळा तुकडा चालू केला की वॉलमध्येच प्रेशर मरतं अन् शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही.

वॉल फिल्टरच्या पुढे, म्हणजे पाणी फिल्टरमधून निघाल्यावर लागेल असा लावा, मागे नको, फिल्टरला धुवायला प्रेशर लागतं अन् कचरा गेला की वॉल अडकतो. वॉलवरच्या बाणाची दिशा बघा. दोन्ही बाजूंना गेज लावाच, गेजशिवाय वॉल सेट करणं म्हणजे अंधारात दोरा ओवणं. सेटिंग पाणी वाहत असताना करा. आलेलं प्रेशर तिपटीपेक्षा जास्त कमी करायचं असेल तर एकाच वॉलवर भार टाकू नका, दोन टप्पे करा. अन् सगळ्याच बागेत प्रेशर जास्त येत असेल तर वॉल घ्यायच्या आधी दोन तुकडे सोबत चालवून बघा, कदाचित तेवढ्यानंच भागेल अन् विजेचाही वेळ वाचेल.

वॉल बसला की वरच्या पहिल्या झाडाखाली अन् खालच्या शेवटच्या झाडाखाली एकेका ड्रिपरला डबा लावून ३ मिनिटं पाणी धरा. ८ लिटरच्या ड्रिपरचं ४०० मिली भरलं पाहिजे. खाली ५५०-६०० भरत असेल तर स्प्रिंगचा स्क्रू थोडा ढिला करा, पुन्हा मोजा, अन् दोन्ही डबे जवळपास सारखे भरले की मगच आंबवणीचं पाणी सोडा.